भिंतीवरचा टँक : वजन आणि भिंत

भिंतीवर टांगायच्या माशांच्या टँकबद्दल ‘जागा अडत नाही, वजनही फारसं नसतं’ असं कुणीतरी म्हटलंय. जागेचं पटलं, वजनाचं अजिबात नाही. 60 सेंमी लांब, 40 उंच आणि जेमतेम 11 सेंमी रुंद टँक धरला तरी साडेसव्वीस लिटरच्या आसपास पाणी, म्हणजे तेवढेच किलो. काच आणि खडी धरून पस्तीसच्या वर जातं. मुंबईतल्या नव्या टॉवरमध्ये आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकच्या (सिमेंटच्या हलक्या ठोकळ्यांच्या) असतात. त्यात साधा प्लास्टिकचा गट्टू ठोकून स्क्रू मारला तर तो हळूहळू सैल होतो. ड्रिल मारताना भुसा लाल पडतो की पांढुरका, हे बघा. पांढुरका असेल तर अशा ब्लॉकसाठीचे खास अँकर मागा किंवा सरळ खाली स्टँड घ्या. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंतही नको.

दुसरं, क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुर्ल्याला टँक घ्यायला जाल तेव्हा दुकानातच स्पंज मुठीत धरून हात टँकच्या तळापर्यंत जातो का, घालून पाहा. आमच्या शेजाऱ्यांकडचा टँक दिसतो झकास, पण कोपऱ्यातलं शेवाळ काढायला त्यांच्या शाळकरी मुलीलाच बोलवावं लागतं! आणि गोल्डफिश कुणी कितीही गळ्यात मारला तरी घेऊ नका. तो वीतभर वाढतो, वळणार कुठे? एकटा फायटर मासा ठेवा, वर झाकण मात्र हवंच, तो उडी मारतो.