प्रति: वचन रोजच्या जगण्यात कसं उतरवायचं

वर ताईंनी विचारलंय की पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, रोज वाचते पण घरात काही उतरत नाही, तर माझंच सांगतो. आम्ही जालन्याकडचे, चुलतभावाशी बांधावरून दोन वर्षं बोलणं बंद अन् मी दर रविवारी चर्चात पुढच्या बाकावर. मत्तय 5:23-24 लई वेळा वाचलेलं, दान वेदीपुढं ठेव अन् आधी भावाशी समेट कर. एकदा दानाची थैली समोर आली अन् हात खिशातच राहिला. उपासना सोडून उठलो नाही हां, तेवढी हिंमत नव्हती, दुपारी गेलो. तो गव्हाला पाणी देत होता, लाईट आलेली म्हणून थांबेचना, मग मीच दारं धरायला, म्हणजे वाफ्यात पाणी वळवायला, लागलो. बांध अजून वाकडाच आहे, पण वहिनी चहा पाठवतात.