मे महिन्यात बनगरवाडी? नको रे बाबा!

पाटीपेन्सिल:
सुट्टी लागली की कुणीतरी विचारतंच, वाचायला काहीतरी मजेचं सुचवा. आणि लोक सुचवतात काय, तर कोसला, काजळमाया, बनगरवाडी! अहो, बाहेर ऊन मी म्हणतंय. वाचताना एकट्याला हसू फुटत नाही किंवा पुढचं पान उलटायची घाई होत नाही, असलं पुस्तक पावसाळ्यासाठी ठेवा. माझ्याकडून चिं. वि. जोशींचा चिमणराव, द. मा. मिरासदार, पुलंची अपूर्वाई आणि मिळाले तर बाबूराव अर्नाळकर. बनगरवाडी साफ बाद. शेवटी दुष्काळ पडतो, गाव उठून जातं. उकाड्यात आणखी उकाडा कशाला?

मेंढका:
शेवट तेवढा लक्षात ठेवलात, मधलं सगळं विसरलात. पोरसवदा मास्तर नोकरीला येतो तर शाळेत पोरंच नाहीत, ती मेंढरांमागे रानात. मग कारभाऱ्याला धरून एकेक पोर जमवायचं. पुढे सगळं गाव मिळून तालीम बांधतं. यात मजा नाही? शिवाय पुस्तक पातळ, दोन दुपारीत संपतं. माडगूळकर उन्हाचं इतकं नेमकं लिहितात की ते उन्हातच वाचावं.

पाटीपेन्सिल:
मजा आहे, नाही कोण म्हणतंय? पण शेवटानंतर संध्याकाळ जाते ती जातेच. मला सुट्टीत ती नकोय.

खिडकीची_सीट:
तुमचं दोघांचंही पटत नाही. सुट्टीत जाडजूड वाचावं! श्री. ना. पेंडश्यांचं तुंबाडचे खोत घ्या. १९८७ सालची कादंबरी, दोन खंड, जगबुडी नदीचा काठ, पिढ्यान् पिढ्यांची खोती. मी ती लोकलमध्ये दहा-दहा पानं करून वाचायला घेतली होती. कोण कुणाचा चुलता हेच दर स्टेशनला मागे जाऊन बघावं लागायचं. शेवटी रजा टाकून सलग वाचली तेव्हा कुठे ती माणसं ओळखीची झाली. हलकंफुलकं काय, वर्षभर वाचता येतं.

आमरस_पुरी:
ज्यांना रजा मिळते त्यांनी खुशाल खंड वाचावेत. आमच्याकडे सुट्टी म्हणजे घरात सात पोरं आणि दुपारी पंख्याखाली मारामारी. त्यांच्यासाठी काय? भागवतांचा फास्टर फेणे दिला, तर भाची म्हणाली, "जुनं वाटतंय."

खिडकीची_सीट:
नुसतं हातात देऊ नका. पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्याने वाचा आणि बन्या फेणे नेमका अडकला की पुस्तक मिटून कामाला लागा. पुढचं ती आपण होऊन वाचेल. नाहीच वाचलं तर प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे. वनवासपासून सुरुवात करा. घरात दिवसभर लंपनचं ते "मॅडसारखं" ऐकायची तयारी ठेवा.

मेंढका:
लंपन पोरांचं पुस्तक? आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणारा मुलगा आहे तो. मनातलं त्याला धड सांगता येत नाही आणि गप्पही बसवत नाही. दहा वर्षांच्या पोराला त्यातलं काय कळणार? ते आपल्यासाठी आहे. आणि पाटीपेन्सिल, तुम्ही बनगरवाडीला रडवणारी म्हणता, लंपन वाचून बघा.

आमरस_पुरी:
सगळं कळायलाच हवं का? शाळा, सुमी, भटकणं, एवढं मिळालं तरी पोरं खूश. आम्ही तरी त्या वयात वाचलेलं सगळं समजून थोडंच वाचलं? अर्नाळकरांचा झुंजार मी आजोबांच्या उशीखालून पळवून वाचलाय.

पाटीपेन्सिल:
शाब्बास! हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने, आणि आपण त्याला यादीत घ्यायला लाजतो. काळा पहाड, धनंजय, झुंजार, कुठलाही उचला, जेवायला हाक मारली तरी उठवत नाही.

खिडकीची_सीट:
उचलतो, पण मिळतात कुठे? माझ्या लायब्ररीत त्या फळीवर आता स्पर्धा परीक्षांची गाईडं आहेत.

पाटीपेन्सिल:
रद्दीवाल्याकडे बघा, जुन्या पुस्तकांच्या पथारीवर बघा. सगळी पानं आहेत ना ते तपासून घ्या. रहस्यकथेचं शेवटचंच पान गायब असतं.

मेंढका:
म्हणून म्हणतो, बनगरवाडी घ्या. ती सगळीकडे मिळते.