शेक्सपिअरचं १३० नंबरचं सुनीत: प्रेयसीचं कौतुक की कवींना टोला?

रानभूल:
काल शाळेच्या ग्रुपवर परत तीच पोस्ट, की शेक्सपिअरने चारशे वर्षांपूर्वीच सांगितलंय, प्रत्येक बाई आहे तशीच सुंदर असते, आणि पुरावा म्हणून खाली १३० नंबरचं सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता. अहो पण वाचलंय का कुणी? डोळे सूर्यासारखे नाहीत, पोवळं हिच्या ओठांपेक्षा कितीतरी लाल, बर्फ पांढरा म्हणायचा तर हिची छाती मातकट, डोक्यावर काळ्या तारा, गालांवर गुलाबाचा पत्ता नाही. बाराच्या बारा ओळी हेच. हा टोला कवींना आहे. इटालियन कवी पेट्रार्कने चौदाव्या शतकात लॉरा नावाच्या प्रेयसीवर कविता केल्या आणि पुढची दोनशे वर्षं युरोपभर सगळ्यांच्या प्रेयसी त्याच साच्यातून निघाल्या. १५८२ साली इंग्रज कवी टॉमस वॉटसनने छापलेली कविता बघा, केस सोन्याहून पिवळे, ओठ पोवळ्याहून लाल, मान हंसाहून पांढरी. शेक्सपिअर ती यादीच घेऊन एकेक खोडत जातो. त्यातही पहिला नाही, इटलीत बेर्नी नावाच्या कवीने त्याच्या कितीतरी आधी चांदीच्या केसांची आणि काळ्या लाकडासारख्या दातांची सुंदरी रंगवून ठेवली होती. कवी-कवींच्या या भांडणात बाई आहे कुठे?

जास्वंद:
बाराव्या ओळीला थांबलात तर कशी दिसेल? शेवटच्या दोन ओळीत तो शपथेवर सांगतो, खोट्या उपमा देऊन ज्या बायकांबद्दल खोटं बोललं गेलं त्यांच्यातल्या कुठल्याही बाईइतकी माझी दुर्मिळ आहे. आणि 'बाराच्या बारा' पण चूक, नववी ओळ काय म्हणते? मला तिचं बोलणं ऐकायला आवडतं. मग ते चालणं. देवीला चालताना मी पाहिलेलं नाही, माझी चालते ती जमिनीवर पाय टेकून. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात नायक ईनियस आपल्या आईला, व्हीनसला, चालीवरून देवी म्हणून ओळखतो, तेव्हाच्या शिकलेल्या माणसाला हे माहीत असायचं. मला त्या ओळीत तिची पावलं ऐकू येतात.

खडू_फळा:
विषय निघालाच आहे तर श्वासाच्या ओळीचं सांगतो. तिथे तो म्हणतो, हिच्या श्वासापेक्षा काही अत्तरं छान, आणि श्वासासाठी इंग्रजीत 'रीक्स' हा शब्द वापरतो. बी.ए.ला आमच्या सरांनी 'रीक्स' म्हणजे 'तोंडाला घाण वास येतो' असं सांगितलं, अख्खा वर्ग एका मुलीकडे वळून हसला आणि ती मुलगी परत त्या तासाला बसली नाही. शेक्सपिअरच्या काळी त्या शब्दाचा अर्थ मुख्यतः वाफ निघणं, श्वास बाहेर पडणं, घाणीचा अर्थ नंतर चिकटला. तारांचंही तेच, सोन्याची तार ही केसांसाठी ठरलेली उपमा होती, इथे फक्त रंग काळा केलाय. शब्दकोश न उघडता शिकवतात आणि कविता बदनाम होते, तीस वर्षं डोक्यात आहे हे.

रानभूल:
बरं, दुर्गंध नाही, वाफ. पण अत्तर त्याहून छान हे तर म्हटलंच ना त्याने?

मावळती:
लग्न ठरल्यावर नवऱ्याने पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, 'तू काही देखणी नाहीस, पण मला तूच हवीस.' तेवीस वर्षं झाली. माणूस चांगला आहे, तक्रार नाही. पण लक्षात राहिलंय ते 'देखणी नाहीस'. पत्र अजून कपाटात साड्यांच्या खाली आहे, ते निळं अंतर्देशीय. त्यामुळे शेवटच्या दोन ओळींचं मला कुणी सांगू नका. आधीच्या बारा ओळी पुसल्या जात नाहीत.

खरंबोल्या:
म्हणजे नवऱ्याने खरं लिहिलं तर तो गुन्हेगार, आणि चंद्र-चांदणी लिहिलं असतं तर चाललं असतं? मग कशाला हव्यात सौंदर्याच्या कल्पना बदलायला? बायकांनाच खोट्या उपमा आवडतात.

मावळती:
मी चंद्र मागितला नव्हता. दिसण्याचा विषय काढायलाच नको होता. 'तूच हवीस' एवढं पुरे होतं. आणि माझ्या पत्रावरून समस्त बायकांचं ठरवू नका.

जास्वंद:
खरंबोल्या, जरा जपून बोला. माझ्या आईला बघायला आलेल्या तीन जणांनी रंगावरून नकार कळवला होता, ती आजही फोटोत मागे उभी राहते. तुमच्यासाठी वाद असेल, आमच्या घरात ते रोजचं आहे.

खरंबोल्या:
आईंचा विषय माझ्या मनात नव्हता. तेवढा शब्द मागे घेतो. पण खरं बोलणं वाईट हे मला पटलेलं नाही.

रानभूल:
मला जास्वंदचं एक मानावं लागतंय. शेवटच्या ओळीत खोटेपणा कवींचा आहे आणि तो ज्यांच्यावर लादला त्या बायकाच आहेत. म्हणजे बाई आहे कवितेत, एक नाही, बऱ्याच. पण 'प्रत्येक बाई सुंदर' हे तिथे नाहीच, तेवढ्यावरून हलणार नाही. पुढे १४७ मध्ये याच बाईला तो नरकासारखी काळी म्हणतो, तेही फॉरवर्ड करा की.

मावळती:
संध्याकाळी परत वाचलं. अख्ख्या सुनीतात तो तिला एकदाही 'तू' म्हणत नाही. 'माझी प्रेयसी', 'तिचे ओठ', 'ती'. बोलतोय तो दुसऱ्याच कुणाशी तरी, कवींशी म्हणा. माझ्या पत्रात 'तू' होतं. म्हणून माझं लागलं. रानभूल, या एका बाबतीत तुमचं बरोबर निघालं, मला आवडलेलं नाही तरी.

जास्वंद:
ताई, मग १२८ वाचा. तिथे 'तू' आहे. ती वाद्य वाजवतेय आणि तो बाजूला उभा राहून तिच्या बोटांखालच्या लाकडी पट्ट्यांचा हेवा करतोय. तिला 'माझं संगीत' म्हणतो. आणि दोनच सुनीतांनंतर म्हणतो, संगीत तिच्या आवाजाहून गोड असतं.

मावळती:
वाचलं आत्ता. यात ती कशी दिसते याचा एक शब्द नाही.