शेवटच्या लॅपच्या थरारासाठी नियम वाकवावेत का?

कोरडी लाइन (धागाकर्ता)

१२ डिसेंबर २०२१ ची फॉर्म्युला वनची अबू धाबीची रेस, हंगामातली शेवटची, अजून डोक्यातून जात नाही. विश्वविजेतेपदासाठी लढणारे हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपन दोघेही ३६९.५ गुणांवर, ५८ लॅपची (फेऱ्यांची) रेस, हॅमिल्टन आरामात पुढे. ५३व्या लॅपला लतिफीची गाडी भिंतीवर आदळली आणि सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना आपल्यामागे हळू, एका रांगेत नेणारी गाडी) बाहेर आली. व्हर्स्टॅपनने पिटमध्ये (टायर बदलण्याच्या जागी) जाऊन नवे, जास्त वेगवान सॉफ्ट टायर घेतले, हॅमिल्टन १४व्या लॅपपासूनच्या जुन्या हार्ड टायरवरच राहिला. दोघांच्या मधे लॅप गमावलेल्या, म्हणजे एखादी फेरी मागे पडलेल्या, पाच गाड्या होत्या.

त्यानंतर रेस डायरेक्टर मायकेल मासी यांनी फक्त त्या पाच गाड्यांना पुढे जाऊ दिलं. एरवी लॅप गमावलेल्या सर्वच गाड्या पुढे सोडल्या जात आणि सेफ्टी कार त्याच्या पुढच्या लॅपच्या शेवटी आत येई. इथे या दोन्ही गोष्टी डावलल्या गेल्या. तिसऱ्या क्रमांकावरच्या साइन्झच्या पुढे मात्र मागे पडलेल्या गाड्या तशाच राहिल्या, त्यामुळे त्याला प्रयत्न करायचीही संधी मिळाली नाही. एकच लॅप उरली, पाचव्या वळणावर व्हर्स्टॅपनने ओव्हरटेक केला आणि विजेतेपदाचा निकाल लागला.

व्हर्स्टॅपनच्या जेतेपदावर माझी तक्रार नाही. वर्षभर तो अफाट चालवत होता आणि त्या लॅपमध्ये त्याने मिळालेल्या संधीचं सोनं केलं. तक्रार निर्णयावर आहे. रेस हिरव्या झेंड्याखाली, म्हणजे पूर्ण वेगात, संपावी म्हणून नियम ऐन रेसमध्ये नव्याने रचला गेला. मार्च २०२२ च्या अहवालात एफआयएने (या खेळाच्या जागतिक संघटनेने) त्याला मानवी चूक म्हटलं, मासी आधीच पदावरून गेले होते, आणि नियमात ‘कोणत्याही गाड्या’च्या जागी ‘सर्व गाड्या’ असं लिहिलं गेलं. एवढी दुरुस्ती करावी लागली यातच सगळं आलं.

माझं म्हणणं असं: नियम कितीही विचित्र असला तरी चालेल, पण तो लाल दिवे विझण्याआधी, म्हणजे रेस सुरू होण्याआधी, ठरलेला आणि सगळ्यांना माहीत असावा. त्याच वर्षी हंगेरीत दुसऱ्या स्टार्टला ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगेत) हॅमिल्टन एकटा उभा होता, बाकी सगळे टायर बदलायला पिटमध्ये. विलक्षण दृश्य! तो थेट शेवटच्या क्रमांकावर गेला, तिथून वर आला, आणि रेस ओकॉनने जिंकली. तो सगळा थरार लिहिलेल्या नियमातून आला होता. कुणाची फसवणूक झाली नाही.

---

परॅबोलिका

पूर्ण असहमत. तुम्ही अबू धाबी सांगितलं, मी त्याच्या पुढच्या वर्षीची मॉन्झा सांगतो.

सप्टेंबर २०२२. ५३ लॅपची रेस. शेवटची काही लॅप उरलेली असताना रिकार्डोची मॅक्लारेन बंद पडून थांबली. सेफ्टी कार आली, पण तिने आघाडीवरच्या व्हर्स्टॅपनऐवजी रसेलला गाठलं. रांग लावण्यात वेळ गेला, गाडी उचलण्यात वेळ गेला, आणि रेस सेफ्टी कारच्या मागेच संपली. फेरारीचा लक्लेर दुसरा, संघाचं घरचं मैदान, आणि त्याला झुंज देता आली नाही. स्टँडमधून जी हुर्यो उठली ती टीव्हीवरही स्पष्ट ऐकू आली.

नियम तंतोतंत पाळले होते. म्हणून ती रेस चांगली झाली का? तीन दिवस उन्हात बसलेल्या माणसाला तुम्ही नियमावलीचं कलम वाचून दाखवणार का? हे लोक आहेत म्हणून प्रायोजक आहेत, प्रायोजक आहेत म्हणून संघ आहेत. प्रेक्षकाला शेवट पाहायला मिळणं हा त्याचा हक्क आहे असं मी मानतो, आणि कुणी त्याला सवंगपणा म्हणालं तरी मागे हटणार नाही.

अमेरिकेतल्या नॅसकार रेसमध्ये पिवळ्या झेंड्यात (धोक्यामुळे गाड्या हळू चालवताना) रेस संपू नये म्हणून जादा लॅप देतात. २०२३ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये अखेरीला लाल झेंडा दाखवला, गाड्या थांबवल्या आणि एका लॅपसाठी रेस पुन्हा सुरू केली. न्यूगार्डनने एरिक्सनला मागे टाकलं. एरिक्सन चिडला, ते समजू शकतं. पण पाहणाऱ्याला निकाल ट्रॅकवर लागलेला दिसला.

---

टायर ब्लँकेट

मॉन्झाचं दुःख मान्य. पण तुमचं स्वप्न मेलबर्नला एप्रिल २०२३ मध्ये प्रत्यक्षात आलं होतं, त्याचं काय झालं ते पाहा.

मॅग्नुसनची गाडी भिंतीला घासली, चाक गेलं, ट्रॅकवर तुकडे. लाल झेंडा. दोन लॅपसाठी ग्रिडवरून पुन्हा स्टार्ट. सगळ्यांना कळलेलं की ही शेवटची संधी, त्यामुळे पहिल्या वळणावर कुणीही ब्रेक लवकर मारायला तयार नाही. साइन्झने अलोन्सोला धडक दिली, अल्पीन संघाच्या दोन्ही गाड्या एकमेकांवर आदळून बाद. पुन्हा लाल झेंडा. मग क्रम आधीच्या स्टार्टचा धरला आणि शेवटची लॅप सेफ्टी कारमागेच! साइन्झला पाच सेकंदांची शिक्षा झाली, गाड्या रांगेत चिकटून असल्यामुळे तो चौथ्यावरून थेट बाराव्या क्रमांकावर. सगळा खटाटोप करून शेवटी तुम्ही मॉन्झालाच पोचलात, वर मोडलेल्या गाड्या.

आणि नॅसकारची जादा लॅप फॉर्म्युला वनमध्ये बसतच नाही. २०१० पासून रेसमध्ये इंधन भरायला बंदी आहे. संघ वजन वाचवायला अगदी मोजून पेट्रोल भरतात आणि रेसनंतर तपासणीसाठी एक लिटर टाकीत उरावंच लागतं. धागाकर्त्याने सांगितलेल्या त्याच हंगेरीच्या रेसमध्ये वेटेल दुसरा आला होता. टाकीतून फक्त ०.३ लिटर निघालं म्हणून तो बाद झाला. दोन लॅप वाढवल्या तर अर्धं ग्रिड बंद पडेल, नाहीतर सगळेजण विनाकारण जास्त वजन वाहतील.

---

ओला ट्रॅक

धागाकर्त्याला माझा वेगळाच प्रश्न आहे. ‘आधी लिहिलेला नियम म्हणजे न्याय्य नियम’ हे तुम्ही गृहीत धरता. लाल झेंड्यात टायर फुकट बदलू देण्याचा नियम घ्या. लिहिलेला आहे, सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी तो रेसची चव घालवतो.

ब्राझील २०२४. मुसळधार पाऊस, रसेल आणि नॉरिस पुढे. दोघांनी पिटमध्ये जाऊन टायर बदलले. व्हर्स्टॅपन आणि दोन अल्पीन बाहेरच राहिले. थोड्या वेळात अपघात, लाल झेंडा, आणि बाहेर राहिलेल्यांना एकही सेकंद न गमावता नवे टायर. व्यासपीठावर व्हर्स्टॅपन, ओकॉन, गॅस्ली. आता व्हर्स्टॅपन सतराव्या क्रमांकावरून निघाला होता आणि पावसात त्याने जे चालवलं त्याला तोड नाही. तो कदाचित तसाही जिंकला असता. पण थांबून शहाणपणा करणाऱ्याला शिक्षा आणि थांबायचं टाळणाऱ्याला बक्षीस, ही वाटणी झेंड्याने केली, ड्रायव्हरने नाही.

---

कोरडी लाइन

@ओला ट्रॅक, नियम वाईट असू शकतो, हे मी नाकारत नाही. वाईट नियम हंगाम संपल्यावर बदलता येतो. २०१४ ला अबू धाबीत दुप्पट गुण ठेवले होते, एका वर्षात गेले. २०१६ ची ठराविक वेळाने एकेक गाडी बाद करणारी क्वालिफाइंग (सुरुवातीचा क्रम ठरवणारी फेरी) दोन रेसनंतर गेली. पण ऐन रेसमध्ये वाकवलेला नियम दुरुस्त करायला जागाच नसते, कारण करंडक दिला गेलेला असतो. ब्राझीलला नॉरिसच्या संघालाही तोच पर्याय होता, त्यांनी दुसरा निवडला. अबू धाबीत हॅमिल्टनच्या संघाला काय निवडायचं हेच कळायला मार्ग नव्हता.

---

शून्य डीआरएस

मुळात थरार कशाला म्हणायचा ते आधी ठरवा. ओव्हरटेकची संख्या म्हणजे थरार नव्हे.

इमोला २००५ पाहिली नसेल तर पाहा. मागे शूमाकर, कितीतरी वेगवान. पुढे अलोन्सो. लॅपमागून लॅप शूमाकर नाक खुपसतो आणि अलोन्सो दार बंद करतो. अखेर अलोन्सो ०.२१५ सेकंदाने जिंकला. दोघांत एकही ओव्हरटेक नाही आणि श्वास घ्यायला सवड नाही. डीआरएसच्या काळात तीच जोडी असती तर शूमाकर सरळ रस्त्यावर मागचा पंख उघडून बाजूने निघून गेला असता. २०११ पासून डीआरएसने (मागचा पंख उघडून सरळ रस्त्यावर वेग वाढवणाऱ्या यंत्रणेने) बचाव नावाची कला संपवली. पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत आलं की बटण दाबायचं. ज्याच्याकडे बटण नाही त्याने बघत राहायचं.

२०२६ मध्ये डीआरएस गेला म्हणून आनंद झाला होता. पण सरळ रस्त्यावर पंख सगळ्यांनाच वळवता येणार आणि एका सेकंदाच्या आत असलेल्या मागच्या गाडीला विजेची जादा ताकद. यंत्र बदललं, मागच्याला हात द्यायचा विचार तसाच राहिला.

---

परॅबोलिका

इमोला २००५ सगळ्यांना आठवते, कारण तशी रेस क्वचित होते. २०१० ची शेवटची रेस आठवा. अलोन्सो विश्वविजेतेपदासाठी लढत होता आणि पेट्रोव्हच्या रेनोमागे अडकला. वेगवान गाडी असून काही करता आलं नाही. ती ‘बचावाची कला’ नव्हती. पुढच्या गाडीमागच्या गढूळ हवेत मागच्या गाडीचा डाउनफोर्स (तिला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर) जातो, टायर घसरतात, जवळ जाता येत नाही. पुढच्याच वर्षी डीआरएस आला तो काही उगाच नाही.

---

हेअरपिन

मोनॅकोबद्दल कुणी बोललंच नाही, आणि या वादाचं सगळ्यात चांगलं उदाहरण तेच आहे. २०२४ ला पहिल्याच लॅपला लाल झेंडा आला, सगळ्यांनी टायर बदलून टाकले, आणि पहिले दहा जण ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पोचले. म्हणून २०२५ ला दोन पिट स्टॉप सक्तीचे केले. नियम आधी लिहिलेला, थरारासाठीच केलेला. धागाकर्त्याची अट पुरी.

झालं काय? रेसिंग बुल्सचा लॉसन मुद्दाम हळू चालवत मागची रांग अडवून बसला, म्हणजे पुढे त्याच्याच संघाच्या हाजारला पिट स्टॉपची मोकळीक मिळेल. विल्यम्सच्या दोघांनी तर आळीपाळीने हेच केलं. व्हर्स्टॅपन दुसरा स्टॉप अगदी शेवटपर्यंत लांबवत राहिला, लाल झेंड्याच्या आशेवर. जगातल्या सर्वोत्तम ड्रायव्हरांना हळू चालवण्याचं बक्षीस देणारा नियम!

दुखणं गाडीत आहे. २०१७ पासून गाडी दोन मीटर रुंद, २०२५ ला किमान वजन ८०० किलो. मोनॅकोच्या गल्लीत अशा दोन गाड्या शेजारीशेजारी मावतच नाहीत. २०२६ ची गाडी १० सेंटीमीटर अरुंद आणि ३२ किलो हलकी केली आहे. मोनॅकोला तेवढंही अपुरंच वाटतं मला, पण दिशा बरोबर आहे. नियम गाडीवर लावा, रेसच्या पटकथेवर नको.

---

पिवळा झेंडा

एक गोष्ट सगळे विसरत आहात. सुझुका, ५ ऑक्टोबर २०१४. पाऊस, एक गाडी बाहेर गेलेली, ती उचलायला यंत्र आलेलं, आणि ज्यूल्स बियांकी त्या यंत्रावर आदळला. जुलै २०१५ मध्ये तो गेला. व्हर्च्युअल सेफ्टी कार, म्हणजे प्रत्यक्ष गाडी न पाठवता सगळ्यांना वेग कमी करायला लावण्याची पद्धत, त्यानंतर आली. २०२२ ला त्याच सुझुकात, पुन्हा पावसात, गॅस्लीच्या बाजूला ट्रॅकवर ट्रॅक्टर होता. तो संतापाने ओरडला आणि त्याचं बरोबरच होतं.

‘रेस हिरव्या झेंड्यात संपवा’ हा दबाव ज्या माणसावर येतो, त्याच माणसाला ट्रॅकवर मार्शल (सुरक्षेची मदत करणारे कर्मचारी) उभे आहेत की नाही हेही बघायचं असतं. अबू धाबीत दोन्ही संघांचे प्रमुख रेडिओवरून मासींना थेट सांगत होते, काय करा आणि काय करू नका. तो थेट रेडिओ नंतर बंद केला, ही त्या रात्रीनंतरची सगळ्यात चांगली सुधारणा. मला मॉन्झासारखा शेवट शंभर वेळा चालेल.

---

कोरडी लाइन

@हेअरपिन, तुमचं मोनॅको माझ्या म्हणण्याला खरंच छेद देतं, म्हणून एक गोष्ट जोडतो. नियम आधी लिहिलेला हवाच, शिवाय तो शक्यतो ट्रॅकनेच पाळून घ्यावा. ऑस्ट्रिया २०२३ मध्ये ट्रॅकची पांढरी रेघ ओलांडल्याच्या १२०० हून अधिक नोंदी झाल्या आणि रेस संपल्यावर काही तासांनी निकाल बदलला. पुढच्या वर्षी शेवटच्या दोन वळणांवर रेघेपलीकडे खडीचा पट्टा टाकला. वाद मिटला. कुणी शिक्षा द्यायला नको, रुंद गेलात की वेळ जातो.

---

परॅबोलिका

@पिवळा झेंडा, बियांकीचा मुद्दा मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी लाल झेंडा मागतो. लाल झेंड्यात गाड्या पिटमध्ये उभ्या असतात. मार्शलना हवा तेवढा वेळ मिळतो, डायरेक्टरवर घड्याळाचं दडपण नसतं.

म्हणून ठोस प्रस्ताव. शेवटच्या पाच लॅपमध्ये ट्रॅकवर गाडी अडकली तर आपोआप लाल झेंडा, डायरेक्टरची मर्जी नाही. पुन्हा सुरुवात ग्रिडवरून नाही, सेफ्टी कारमागून चालत्या रांगेत, म्हणजे मेलबर्न होणार नाही. लॅप वाढवायच्या नाहीत, म्हणजे इंधनाचा प्रश्न नाही. टायर बदलायचे नाहीत, म्हणजे ब्राझील होणार नाही. हंगामाआधी लिहा, सगळ्यांना द्या. धागाकर्ते, आता हरकत सांगा.

---

कोरडी लाइन

हरकत टायरच्या कलमाला. सिल्व्हरस्टोन २०२० च्या शेवटच्या काही लॅपमध्ये बोटास, साइन्झ आणि हॅमिल्टन तिघांचे टायर फाटले. हॅमिल्टनने तीन चाकांवर रेस जिंकली. झिजलेले टायर लाल झेंड्यात थंड होणार, आणि त्यांवरच दोन लॅप जिवाच्या आकांताने चालवायला सांगायचं? तुकड्यांवरून जाऊन कापलेला टायर बदलू द्यायचा की नाही? तो कापला आहे हे ठरवणार कोण, संघ की टायर कंपनी? बाकीच्या तिन्ही कलमांना माझा पाठिंबा आहे, मनापासून. हे चौथं नीट लिहून आणा.