पायाचा अंगठा धरून उठवायचं : फौजीच्या घरातून आलेल्या सवयी (अनुभव धागा)

सुईदोरा (सातारा)
परवा लेकीचा हॉस्टेलवरून फोन. म्हणाली आई, रूममेट विचारत होती तू मला पायाचा अंगठा धरून का उठवतेस गं, बाकीचे खांद्याला हलवतात. मी हसले, आणि फोन ठेवल्यावर भाजी चिरता चिरता हात थांबला, कारण मीपण तसंच उठवते. नवऱ्याला, लेकीला, घरी आलेल्या पाहुण्यालासुद्धा. पायथ्याशी उभं राहायचं, आधी हाक मारायची, मग अंगठा, आणि अंगठा हलवला की लगेच एक पाऊल मागं.

हे आमच्यात आईनं लावलेलं. अण्णा झोपले असले की कुणी अंगाला हात लावायचा नाही. का ते कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही, देवघरात चप्पल घालून जात नाही तसंच ते. अण्णा पहिल्या मराठा पलटणीत होते, १९७१ च्या लढाईत बांगलादेशात. तिथं काय झालं विचारलं की एकच उत्तर, "थंडी लई होती." बास. पन्नास वर्षं झाली, गाडी थंडीच्या पुढं जात नाही.

लेक आज्याला सुट्टीपुरतीच भेटते. तिला लढाई माहीत नाही, थंडीपण माहीत नाही, पण अंगठा माहीत आहे. म्हणून धागा काढलाय. तुमच्या घरात असं काय काय आलंय? फटाक्यांना दचकणं सगळ्यांनाच माहीत आहे, ते सोडून सांगा. कुकर लावलाय, येते परत.

डबल भडंग
पोरगं दुकानात जाऊन उशिरा आलं की आमच्यात म्हणायचे, "काय रं, बसऱ्याला गेलावतास का?" मला वाटायचं बसरा म्हणजे कुठलंतरी बाजाराचं गाव असंल, शिराळ्याच्या पलीकडं. कॉलेजात सरांनी पहिलं महायुद्ध शिकवलं तेव्हा ते इराकमध्ये निघालं. घरी येऊन विचारलं तर आजोबा म्हणाले माझा चुलता गेलावता तिकडं, परत आला न्हाई. तिथल्याच कुत गावच्या वेढ्यात होता म्हणतात, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, आत मराठा पलटणी होत्या, शेवटी घोडी कापून खायची वेळ आली आणि आपले कितीतरी जण ते खायला तयार नव्हते. आत मेला का शरण गेल्यावर कैदेत मेला, घरी कधीच कळलं न्हाई.

खापरपणजी, म्हणजे त्याची आई, मरेपर्यंत रात्री दाराला कडी लावू द्यायची न्हाई. आजोबांनी तिच्या माघारी पण कधी कडी लावली न्हाई, नुसतं दार लोटून घ्यायचं. चोर आला तर, विचारलं की म्हणायचे, नेऊ दे. आता आमच्या फ्लॅटला लॅच आहे, आपोआप लागतं, तरी वडील झोपायच्या आधी एकदा हँडल हलवून बघतात. मला वाटायचं लागलंय का ते बघतात.

माणदेशी मिरची
शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला ओ

कोयनेची पोर
बसऱ्याला गेलावतास का 😂 हे आमच्यात पण म्हणतात, पण आमचं कोण गेलेलं नाही, शेजाऱ्यांचं ऐकून असेल. अपशिंगे मिलिटरीला (साताऱ्याकडचं फौजींचं गाव) गेलाय का कुणी? माझं आजोळ तिकडचं. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जण गेले, इंग्रजांनी त्यांचा स्तंभ उभा केलाय. लहानपणी आम्ही त्याच्याभोवती शिवणापाणी खेळायचो, आज्जी लांबून हाका मारायची पण जवळ यायची नाही. तिचा मुलगा पण फौजेत, नातू पण. विषयाला धरून आहे का माहीत नाही.

जुना फौजी
ताई, पहिली मराठा म्हणजे जंगी पलटण. तुमच्या वडिलांची थंडी म्हणजे जमालपूर. पलटण जमालपूरच्या मागं टांगाईलचा रस्ता अडवून बसली होती. आमच्या ब्रिगेडियरनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तिकडच्या पाकिस्तानी कर्नलनी उत्तराच्या कागदात गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री ते फोडून बाहेर पडायला लागले, एकामागून एक लाटा, आणि आपली पलटण हलली नाही. सकाळी उजाडलं तेव्हा समोर काय दिसलं असेल त्याचा विचार करा. अभिमान बाळगा. बाकी हे ट्रॉमा वगैरे आमच्या वेळी नव्हतं, मानण्यावर असतं.

माणदेशी मिरची
काका, नव्हतं का नाव नव्हतं?

मिरजवाली
नाव नव्हतं. मी समुपदेशनाचं काम करते म्हणून सांगते, पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर राहणारा मानसिक त्रास) हे नाव अमेरिकेच्या मनोविकारांच्या यादीत १९८० साली आलं, तेसुद्धा व्हिएतनामवरून परतलेल्यांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी लावून धरलं म्हणून. ७१ वरून येणाऱ्याला "तुम्हाला हे झालंय" असं म्हणायला शब्दच नव्हता, मग थंडीच म्हणणार. आणि पोरांकडं येतं हे १९६६ मध्येच कॅनडात एका डॉक्टरांनी लिहिलं होतं, नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांची मुलं उपचाराला यायला लागली म्हणून, मुलांनी स्वतः छावणी बघितलेलीसुद्धा नव्हती. जीन्सवर खुणा उमटतात का यावरही संशोधन चालू आहे, पण त्यातले गाजलेले नमुने फार लहान आहेत, तेव्हा व्हॉट्सॲपवर "आजोबांचं दुःख तुमच्या रक्तात" असलं फिरतं ते लगेच खरं धरू नका. माझ्याकडं जे येतात त्यांच्यात मला बाकीच्याच गोष्टी जास्त दिसतात. कुठल्या विषयावर घरात बोलायचं नाही. कुणाचा मूड बघून ताट वाढायचं. पोरं हे दोन-तीन वर्षांची असतानाच शिकतात. पेशंट आला, थांबते.

कृष्णाकाठ
आमचे तात्या आयपीकेएफमध्ये, म्हणजे भारताच्या शांतिसेनेत. १९८७ ला श्रीलंकेत गेले. तिकडं बाराशेच्या आसपास जवान गेले आपले, पण गावात कारगिलचा बोर्ड आहे, श्रीलंकेचा नाही, कारण काय लढाई होती ते सांगायला कुणाला जमत नाही. तात्यांनापण नाही. आम्ही रानात जायचो तर तात्या पुढं आणि आम्ही दोघं भावंडं मागं, बांधावरून, आणि मागं न वळता म्हणायचे, "माझ्या पावलात पाऊल." आम्हाला खेळ वाटायचा. चिखलात त्यांच्या बुटाचा ठसा उमटला की त्यात आपलं पाऊल बरोबर बसवायचं, बाहेर पडलं की आऊट. एकदा भाऊ फुलपाखरामागं कडेच्या गवतात उतरला तर तात्या पुतळ्यासारखे उभे. ओरडले नाहीत. हळू आवाजात, "आहे तिथंच थांब. हलू नको." स्वतः एकेक पाऊल टाकत गेले आणि उचलून आणलं. चार फुटांवर होता तो. घरचं रान, आत भुईमूग. त्या दिवशी जेवले नाहीत.

आता मी ४१ वर्षांचा आहे, शिक्षक आहे, शाळेची सहल कास पठारावर नेली तरी पोरांना पायवाटेच्या बाहेर जाऊ देत नाही. पोरांना वाटतं सर फुलांना जपतात.

२०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आर्मीच्या बोटी आल्या, तर तात्या एकदम पंचविशीतले झाले. दोर बांध, म्हाताऱ्यांना आधी, जनावरांचं नंतर बघू. आठ दिवस एकदम ठणठणीत. पाणी उतरल्यावर चिखल काढताना त्यांचा जुना बूट सापडला, तो हातात घेऊन जे रडायला लागले ते आईला पण आवरेना. कशाला रडले विचारलं नाही. विचारत नाही आम्ही.

डबल भडंग
भावा 🙏 पुरात आमचं पण सगळं गेलं. पंचनाम्याचे पैसे मिळाले का तुम्हाला? आमचे अर्धेच

कृष्णाकाठ
मिळाले, पण किती खेपा मारल्या ते विचारू नका

निनावी बरी
सगळ्यांचं वाचून वाटलं आपणपण लिहावं. माझा बाप ६५ च्या लढाईत होता. आला तो रमच्या बाटलीसकट. कॅन्टीनचा कोटा आठ दिवसांत संपायचा, मग गावठी. आईला पट्ट्यानं मारायचा. आईनं जन्मभर एकच सांगितलं, लढाईवरून आल्यापासून असे झालेत, आधी देवमाणूस होते. आणि चुलती हळूच सांगायची, कसला देवमाणूस, भरतीच्या आधी बैलाला पण असाच मारायचा. आता कोण खरं? मला लढाईचं कारण हवंय कारण मग माफ करता येईल, आणि नकोय पण, कारण लढाईवरून आलेले सगळे मारत नाहीत, तुमचे अण्णा नुसते थंडी म्हणतात. माझ्या पोरावर मी आवाज चढवला की तो पटकन कंबरेकडं बघतो, माझ्या. मी कधी हात उचललेला नाही. तरी बघतो. हे त्याला कुणी शिकवलं?

माणदेशी मिरची
ताई ❤️ तुम्ही सांगितलंत हेच लई झालं

सुईदोरा
निनावी, मारणाऱ्याचं आपण हिशोबात धरायला नको, मारलं ते मारलं. पण तुमच्या पोराचं वाचून घशात आवंढा आला.

शिवणकाम आणि बरंच काही
जरा वेगळं. आमचे वडील गिरणीत होते, ७१ ला आम्ही परळला. ब्लॅकआउट. काचांना काळे कागद, खाली वॉर्डन शिट्टी मारायचे, "दिवा बंद करा". मी सहा वर्षांची, आई पदरानं चिमणी झाकून भाकरी थापायची. गाव सोडून मुंबईत पोट भरायला आलेलो, लढाई तिथंही. २०२५ च्या मे मध्ये टीव्हीवाले सारखे भोंगे वाजवायला लागले तेव्हा मी कऱ्हाडात बसून पहिलं काय केलं तर घरात काळा कागद आहे का बघितला. सून म्हणाली आई, प्रोजेक्टचा शिल्लक आहे, कशाला? सरकारनं सांगितल्यावर भोंगे बंद केले चॅनेलवाल्यांनी, बरं झालं. नातवाला मजा वाटत होती, दोन दिवस घरात भोंगा काढत फिरत होता.

कोयनेची पोर
आमच्यात लढाई नाही पण ६७ चा भूकंप. आई अजून चप्पल उशाशी घेऊन झोपते. मी पण.

डबल भडंग
वळिवड्याचं कुणी लिहिलं नाही? कोल्हापूरशेजारी पोलंडची माणसं होती, १९४३ पासून ४८ पर्यंत, पाच हजारांच्या घरात, बाया-पोरंच जास्त, सैबेरियातून सुटून आलेली. आजी माहेरी असताना तिकडं भाजी विकायला जायची, सांगायची की एक पोरगी रोज अर्धा पाव खाऊन अर्धा परकराच्या खिशात घालायची. छावणीत पोटभर मिळत होतं तरी. आजी त्या पोरीला "खिसेवाली" म्हणायची. कुठं असंल आता.

जुना फौजी
वरचं सगळं वाचलं. मिसेसनी वाचून दाखवलं खरं तर, चष्मा सापडत नव्हता. ती म्हणते, तुमचं सांगा की. लग्नात पंगत बसली, एसटीत चढलो, देवळातून बाहेर पडलो, की मी घरच्यांची गिनती करतो. मनातल्या मनात. मुलगा पुण्यात आयटीत आहे, त्याची टीम जेवायला बाहेर गेली की तो पण मोजतो, परवा सुनेनं सांगितलं. एकदा गिनती कमी भरली होती आमची. तेवढंच.

माणदेशी मिरची
काका 🙏 "मानण्यावर असतं" हे मागं घेतलं असं धरतो

जुना फौजी
धरा.

सुईदोरा
आत्ता रात्रीचे साडेदहा. संध्याकाळी अण्णांना धागा दाखवला. वाचला नाही, म्हणाले किती जणांनी लिहिलंय? म्हटलं बरेच. मग मी विचारलंच, अंगठ्याचं कसं सुरू झालं. बराच वेळ नुसता पंखा बघत होते. मग म्हणाले, ७२ ला पहिल्या सुट्टीला आलो. नवीन लग्न. पहाटे तिनं चहासाठी खांद्याला हात लावला. मी डोळे उघडायच्या आत तिचं मनगट धरलं होतं. हिरवा चुडा होता, सगळा फुटला. रक्त आलं. बाहेर तिच्या सासूबाई.

आईनं सासूला सांगितलं हापशावर घसरले. आणि त्याच दिवशी दुपारी बाजारात जाऊन परत हिरव्याच भरून आली, कुणी काही बोलायच्या आत. मला अण्णांनी हे अशा आवाजात सांगितलं की जणू काल झालंय. आई गेली त्याला नऊ वर्षं झाली. तिनं आम्हाला फक्त अंगठा सांगितला.

लेकीला अजून सांगितलं नाही. सांगू का?

मिरजवाली
सांगा. फोनवर नको, घरी आली की.

शिवणकाम आणि बरंच काही
हिरव्याच भरून आली 😭

कृष्णाकाठ
धागा सोडून विचारतो, तात्यांना मानसोपचारवाल्यांना दाखवायचं मनात आलंय हे सगळं वाचून. ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना) रेफरल मिळतं का? कुणी केलंय?

जुना फौजी
मिळतं. पॉलिक्लिनिकला सकाळी लवकर जा, आधी तिथल्या डॉक्टरला सांगायचं. कार्ड ओरिजिनल न्या, झेरॉक्सवर परत पाठवतात. आणि तात्या यायचे नाहीत म्हणाले तर बीपी तपासायचं म्हणून न्या.