जुनं सरकारी सामान: समिती बसेपर्यंत सडू द्यायचं का?

जडसंग्रह: काल तालुक्याच्या ग्रुपवर एकाने पंचायत समितीच्या आवारातल्या गंजक्या जीपचा फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘निर्लेखनाचे नियम रद्द करा. सरपंच अन् ग्रामसेवकाले विकू द्या, पैसे गावात लावू द्या.’ (निर्लेखन म्हणजे निकामी सामान नोंदवहीतून कमी करणं.) पोस्टला अंगठेच अंगठे. माझी सगळी नोकरी भांडार सांभाळण्यात गेली, मला हे वाचून राहवलं नाही.

आधी जीप. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरणच बंद झालं. ती चालवायला म्हणून कुणाला विकता येत नाही, नोंदणीकृत वाहन मोडीत काढण्याच्या केंद्रालाच द्यावी लागते. त्यात सरपंच काय करणार?

ग्रामपंचायतीच्या सामानाची नोंद नमुना 16 या नोंदवहीत असते. मग ते निरुपयोगी ठरवा, मूल्यांकन करा, हातची किंमत, म्हणजे बोलीची किमान रक्कम, काढा, जाहीर हर्रास, म्हणजे लिलाव, घ्या. यातली एक पायरी काढून बघा, पहिली खुर्ची कुणाच्या ओसरीवर जाते ते. पुढारी दारात येऊन कपाट मागतो तेव्हा ग्रामसेवकाला ‘देता येत नाही’ म्हणायला याच नियमाचा आधार असतो.

कवेलू: फोटो माह्याच हाय. साहेब, नियम पाळल्यावर काय होते ते आयका. आमच्या गावची इंग्रजाच्या काळातली जिल्हा परिषदेची शाळा पाडली. निर्लेखन मंजूर, मूल्यांकन, हर्रास, कागद सारे चोख. पण इमारत जुनी म्हून घसारा लावला अन् किंमत आणली मातीमोल. आतमधी सागाच्या मयाली, म्हंजे छताच्या तुळया, होत्या! दीड वीत जाड, वासल्याचे घाव तसेच दिसत होते, एकीलेबी वाळवी नाई. सागाले घसारा लागते का? बल्लारशाच्या डेपोत साग काय भावानं जाते ते विचारा कोणालेबी. घेणाऱ्यानं छपराचे कवेलूबी मोजून नेले.

संत्राबाग: मी अशा हर्राशीत माल विकत घेतो. आम्ही चोर नाही. अनामत भरतो, पाडायची मजुरी आमची, मलबा उचलायची अट आमच्यावर. मयालीत किती खिळे निघतात अन् आरा मशीनचं पातं किती वेळा तुटतं ते तुम्हाला काय ठाऊक? एवढा साग दिसत होता तर तुमच्या गावातून बोली बोलायला कोण आलं?

कवेलू: सूचना पंचायत समितीच्या फळ्यावर लावली, अन् हर्रास पोळ्याच्या दिवशी. कोण येईन तिथं? दवंडीबी नाई देल्ली. तुमाले कसं कळलं मंग, ते सांगा!

रंधा: विकण्याचं सोडा, घेण्याचं बोला. भंगार खरेदीतच तयार होते. पयले शाळेचे बेंच आमी सुतार करत होतो. सरकारी खरेदीचं जेम पोर्टल 2016 मधी आलं, मंग आमच्याकडं बाहेरून पत्र्याचे बेंच याले लागले. पयल्या पावसाळ्यात जोड सुटले. वेल्डिंगवाला नाई भेटला की मास्तर मलेच बलावते, तार बांधून दे म्हणते. सगळ्यात कमी दर पायजे ना, भोगा मंग!

जडसंग्रह: तीन पुरवठादारांकडून दरपत्रकं घ्यायच्या जमान्याचं कौतुक मला सांगू नका. तिन्ही पत्रकं एकाच हस्ताक्षरात आलेली मी पाहिली आहेत. राज्याच्या 1 डिसेंबर 2016 च्या खरेदी नियमावलीत तीन लाखांवर ई-निविदा होती, ती उगाच नाही. जेमवर कारागिरालाही नोंदणी करता येते.

रंधा: केली ना नोंदणी! मले कॉम्प्युटर शिकवू नका. अट काय, तं मागच्या वर्षांची उलाढाल दाखवा, आधी पुरवठा केल्याचा अनुभव दाखवा. गावचा सुतार हे कुठून आणंल? आमाले बाहेर ठेवाचं, अन् वरून म्हणाचं दार उघडंच हाय!

वर्ग तिसरा-चौथा: मी मुख्याध्यापिका. रंधाभाऊ, सूक्ष्म-लघु उद्योगांना उलाढाल आणि अनुभवात सूट देण्याचा पर्याय जेमवर खरेदीदाराकडे असतो. बरेचदा तो निवडलाच जात नाही. तुमचा राग रास्त आहे.

पण तुम्ही सगळे भांडता आणि माझी खोली अडकून पडली आहे. तिच्यात मोडके बेंच आढ्यापर्यंत रचलेत, पावसाळ्यात त्यातून साप निघतो आणि दोन वर्ग एकाच खोलीत बसतात. नोंदवहीतला एक बेंच कमी भरला तर वसुली माझ्याकडून, म्हणून हातही लावता येत नाही. प्रस्ताव पाठवला, उत्तर नाही. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत दोन लाखांवरच्या सामानाला जाहीर निविदा किंवा लिलाव आहे. त्याखाली मात्र पद्धत सक्षम अधिकाऱ्याने ठरवायची, आणि ठरवताना सामान साचू नये, जागा अडू नये, किंमत घसरू नये हे बघायचं. आमच्या प्रस्तावालाही हेच लावा आणि वर मुदत घाला.

जडसंग्रह: मुदत मान्य. ती चुकवणाऱ्या अधिकाऱ्यावर ठपकाही हवा. हातची किंमत आणि जाहीर बोली मात्र मी सोडणार नाही. कवेलू, लाकूड वेगळं, घनमीटरने मोजा, असा ठराव ग्रामसभेने घेतला होता का?

कवेलू: गणपूर्तीच नाई झाली त्या दिवशी. घ्याले पायजे होता, ठीक हाय. पण घसारा लावणाऱ्यानं वर मान करून मयाली पायल्या नाईत, ते बी लिहा तुमच्या नियमात. आता जुन्या अंगणवाडीचं निर्लेखन हाय. ठराव मी मांडतो, तुमी मोजाले या.

संत्राबाग: खुशाल मोजा. हातची किंमत वाढली तरी आम्ही बोली लावू. फक्त मोजमापाचा कागद हर्राशीच्या आधी सगळ्यांना दाखवा.

रंधा: लाकडाचं जमलं तुमचं. बाई, बेंचची पुढची खरेदी निघंल तवा वरच्या साहेबाले ते सूट टाकाले सांगजा. मंग मी निविदा भरतो.