मदत हवी आहे: डीजेगिरीत सिंक बटणावर भागवू की कानाने बीटमॅचिंग (दोन गाण्यांचे ठोके जुळवणं) शिकू?

नमस्कार मंडळी, मी परळचा, चुलत भावाने त्याचा वापरलेला दोन चॅनलचा डीजे कंट्रोलर दिलाय, लॅपटॉपवर रेकॉर्डबॉक्स हे डीजे सॉफ्टवेअर टाकलंय, सध्या हळदी आणि बिल्डिंगमधले वाढदिवस एवढंच वाजवायचंय.

124-126 बीपीएमची (मिनिटाला तेवढे ठोके) हाऊस गाणी असली की सिंक दाबलं, ठोके आपोआप जुळले, काम झालं. पण जुनी कोळीगीतं, लाईव्ह ढोलकीवर रेकॉर्ड झालेली लोकगीतं घेतली की बीटग्रिडची (सॉफ्टवेअर गाण्यावर ठोक्यांच्या खुणा आखतं त्याची) पार वाट लागते, कारण ती गाणी क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या ठोक्यावर, वाजवलेलीच नाहीत, टेम्पो मधेच चढतो उतरतो आणि सॉफ्टवेअर आपलं एकच आकडा धरून बसतं, कधी 70 च्या जागी 140 दाखवतं. सहा मात्रांचं गाणं आलं तर विचारूच नका! आणि हळदीत हीच गाणी लागतात ना राव.

शिवाय सिंक फक्त ठोके जुळवणार, कडवं कुठे संपतंय, पुढचं गाणं 8 बारनंतर (बार म्हणजे साधारण चार ठोके) सोडू की 16, दोन्हीकडचा बेस एकदम आदळू नये म्हणून कुठला कट करू, हे त्याला काय कळणार.

दादा म्हणतो पब्लिकला घेणंदेणं नाही, ऑटोमिक्स (सॉफ्टवेअर आपणच गाणी जोडतं ते) लाव आणि जेव. मला पटत नाही.

तर जाणकारांनी सांगा, बीपीएमचा आकडा झाकून पिच फेडरवर (गाण्याचा वेग कमीजास्त करायची पट्टी) सराव करू का? त्याची रेंज 10 टक्के ठेवू की 16? आणि डगमगत्या टेम्पोच्या गाण्यांना ग्रिड हाताने बसवता की लूप लावून निघता? सराव रात्रीच जमतो, म्हणजे सगळं हेडफोनवर, तर स्प्लिट क्यू (एका कानात चालू गाणं, दुसऱ्यात पुढचं) वापरणाऱ्यांनी जरूर लिहा.